वेगळ्या बांधलेल्या वाती

घरातल्या आजारी माणसाला तुम्ही खरं सांगता का? की डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून म्हणता, "त्यांच्यासमोर काही बोलू नका"?

मी म्हटलं होतं. मी, पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील रेल्वेत, युनियनचे. हिंदी मुलखातल्या मंगलागौरी मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत शाईचा वास फोडणीत मिसळायचा. लपवाछपवी करणाऱ्यांविरुद्ध पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा मी शाळेत होते.

नव्वदच्या दशकात आईच्या बोटांची कातडी ताठ होऊ लागली. पुढे तेच दुखणं फुप्फुसांत उतरलं. सांधेवाताच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता हे मागे फिरणार नाही. आईला मात्र ते हसून म्हणाले, "माताजी, दवाई लेती रहिए."

आईचा लक्षवातींचा नेम चालू होता. देवीपुढे लाख वाती लावायच्या, त्याही स्वतःच्या हातांनी वळलेल्या. बोटं मिटेनात तेव्हा मी ती झोपली की वाती वळून तिच्या डब्यात टाकू लागले. तिला वाटावं, हात अजून चालतोय.

तिची एकच इच्छा होती. साताऱ्याच्या मावशीला भेटायचं. "थोडं ठीक झालं की ताईकडे जाऊन येऊ," ती म्हणायची. मीही म्हणायचे, हो, थंडी सरू दे. प्रवास झेपेल असे तिचे जेमतेम दोन महिने उरले होते आणि ते मला माहीत होतं. थंडी सरली. त्यानंतर तिला जिना उतरता आला नाही. मावशीला तार गेली ती आई गेल्याची.

मी पत्रक लिहिलं. डॉक्टर रोग्यापासून त्याचं मरण चोरतात, असं त्यात म्हटलं आणि ते वॉर्डाच्या दारातच वाटलं. आठवड्याने मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. ते हिंदीतच बोलले, आवाज न चढवता. "सगळं बरोबर लिहिलंत. एक राहिलं. माताजींना सांगू नका, हे मला कोण म्हणालं होतं?"

मग तेच म्हणाले, "आणि मीही, सुटका झाली म्हणून, मान हलवली होती." मग त्यांनी सांगितलं, की बरा न होणाऱ्या आजाराबद्दल रोग्याशी कसं बोलावं, हे त्यांच्या तरुण डॉक्टरांना शिकवायला दक्षिणेतून एक बाई येणार आहेत. सरावासाठी रोगी म्हणून कुणीतरी बसायला हवं होतं.

मी आई होऊन बसले. पहिला डॉक्टर खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाला, "घबराइए मत, सब ठीक हो जाएगा." बाईंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, आधी त्यांना विचार, काय वाटतंय. आणि विचारल्यावर गप्प बस.

दुसरी डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी. तिने खुर्ची जवळ ओढली. "माताजी, आपको क्या लगता है, बीमारी कहाँ तक पहुँची है?" आणि खरंच गप्प बसली. ती शांतता मला सोसवेना. शेवटी मी मराठीतच म्हणाले, "मला ताईला भेटायचंय." तिला शब्द कळले नसावेत. तिने माझा हात धरला. कुणी काही बोलू लागलं, तर बाईंनी हाताने थोपवलं. हे एवढंसं बसणं मला आईजवळ जमलं नव्हतं.

त्या संध्याकाळी, आई गेल्यावर प्रथमच, मी वातींचा डबा उघडला. वर आईच्या बारीक, एकसारख्या वाती होत्या. तळाशी एका चिंधीत माझ्या जाड, वाकड्या वाती वेगळ्या बांधलेल्या. एकही तिने नेमात धरली नव्हती. म्हणजे तिला सगळं कळलं होतं. माझं मन राखायला ती थंडी सरायची वाट बघत राहिली.

ते पत्रक मी पुन्हा छापलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे. आज आजाऱ्याच्या उशाशी बसा. विचारा, तुला काय वाटतंय, कुणाला भेटायचंय? मग गप्प बसा. आणि नाव कळलं की त्याच दिवशी तिकीट काढा.