बॉबलिंगेनच्या पेटीवरची पाटी

परभणी स्टेशनवर मला निरोप द्यायला साडेचारशे माणसं आली होती. आई म्हणते अकरा. पण त्या अकरांत माझ्या तीन मावश्या होत्या आणि त्या रडत होत्या, त्यामुळे आवाज साडेचारशेंचाच होता. मी कानांनी मोजली, आईने डोळ्यांनी. एवढाच फरक.

गाडी हलायला दोन मिनिटं उरली असताना बाबांनी शर्टाच्या आतून, पोटाशी धरलेली एक पत्र्याची पाटी काढली. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, त्यांनी स्वतः रंगवलेली. वरच्या ओळीत मराठीतून ‘महेंद्र भीमराव कांबळे’, खालच्या ओळीत तेच इंग्रजीतून. सोबत कागदाच्या पुडीत चार स्क्रू. बाबा पोस्टमन. जन्मभर सायकलवरून लोकांची पत्रं वाटलेला माणूस मुलाला दुसरं काय देणार?

“जिथं राहशील तिथं ही ठोक,” ते म्हणाले. “पाटी नसली का पत्र माघारी जातं. माघारी चाललेलं पत्र लई वंगाळ दिसतं, लेका. आन एकदा ठोकली का काढू नको.”

मग ‘जय भीम’ म्हणून त्यांनी हात वर केला आणि गाडी हलली. मला बाबांच्या हातापेक्षा पोटावरचा पाटीचा वळच जास्त आठवतो. शर्टाला हिरवा रंग लागला होता. म्हणजे पाटी आदल्या दिवशीच रंगवलेली, पुरती वाळलीही नव्हती.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना वाटतं, निघालेला माणूस एकदाच निघतो. तुम्ही जे माझ्यासारखे निघालात त्यांना ठाऊक आहे की तसं नसतं. परभणीचा माणूस जर्मनीला चालला म्हटल्यावर आमच्या गावाचं आणि त्या देशाचं नाव एका दमात घेणारं जे वाक्य आहे, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’, ते मला विमानतळापर्यंत सत्तरएक लोकांनी ऐकवलं. मी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसलो. तिकडे पोचल्यावर हे वाक्य कुणालाच माहीत नाही म्हणून मला फार एकटं वाटलं.

मी बॉबलिंगेनला उतरलो. मोटारींच्या सुट्या भागांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत नोकरी, आणि फ्राऊ हेफेले नावाच्या सत्तरीच्या विधवा बाईंच्या घरात माडीवरची खोली. खाली दाराशी टपालाच्या पेट्यांची रांग होती. प्रत्येक ब्रीफकास्टनवर बोटाच्या पेराएवढी, टाइप केलेली आडनावं. माझी पाटी त्यावर बसवली तेव्हा ती शेजारच्या दोन पेट्यांवर सावली धरू लागली. फ्राऊ हेफेलेंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि विचारलं, “हे सगळं एकाच माणसाचं नाव?”

“यात आमचे पूर्वज धरलेले नाहीत,” मी म्हणालो.

इथूनच घात झाला. बाई दर रविवारी कॉफीला बोलवायच्या, केक द्यायच्या आणि मन लावून ऐकायच्या. जन्मात माझं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. घरी मी तोंड उघडलं की आई म्हणायची, “निम्मं सोडून सांग.” इथे निम्मं सोडणारं कुणी नव्हतं, म्हणून मी दुप्पट सांगू लागलो. आमच्या अंगणात तीन हत्ती बांधलेले असतात. बाबा साऱ्या मराठवाड्याच्या टपालाचे प्रमुख आहेत आणि पावसाळ्यात पत्रं हत्तीवरून जातात. उन्हाळ्यात आम्ही पापड तळत नाही, नुसते दाराबाहेर धरतो. प्रत्येक वाक्याला बाई “आख् सो!” म्हणायच्या आणि केकचा आणखी एक तुकडा वाढायच्या. एवढ्या भावाने कुणीही फेकेल.

नोकरीच्या आठव्या महिन्यात मी एका सहकाऱ्याची गाडी मागून आणली आणि टपावर गादी बांधून दुकानातून घरी निघालो. गादी नायलॉनच्या दोरीने, बैलगाडीवर कडबा बांधतात तशी बांधलेली. पोलिसांनी थांबवलं ते गादीमुळे, पण बघितलं लायसन्स. परभणीचं लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, पुढे इथलं काढावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. पोलीस फार सभ्यपणे बोलला, पत्ता लिहून घेतला आणि शेवटी म्हणाला, “आमच्याकडून कळवू.”

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे सरकारी माणूस ‘कळवू’ म्हणाला की आपण काय समजतो? प्रकरण संपलं. मुलीकडचे ‘कळवू’ म्हणाले की आपण दुसरं स्थळ बघायला लागतो. मी त्या पोलिसाचे आभार मानले, गादी डोक्यावर घेऊन घरी आलो आणि विसरलो.

महिन्याभरात कंपनीने मला ड्रेस्डेनला पाठवलं. तिथे मी नवीन पत्त्याची रीतसर नोंद केली, सगळे शिक्के घेतले. फक्त पाटी काढली नाही. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन पेटीसमोर उभा राहिलो, आणि बाबांचं ‘काढू नको’ आठवलं. मागे फ्राऊ हेफेले उभ्या होत्या. त्यांना मी सरळ सांगायला हवं होतं की वडील असं म्हणाले आणि हात उचलत नाही. पण पुरुष माणसाने हे कसं सांगायचं? म्हणून मी म्हणालो, “आमच्यात रिवाज आहे. माणूस घर सोडून गेला तरी त्याचं नाव एक वर्ष दारावर ठेवतात. आधी काढलं तर अपशकुन.”

“आख् सो,” बाई गंभीरपणे म्हणाल्या.

ड्रेस्डेनला मी जर्मनीत राहण्याचा परवाना वाढवायला गेलो तेव्हा माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. विद्या पुण्यात माहेरी, बॅगा भरून. माझा परवाना वाढला की तिची व्हिसाची फाईल हलणार. काचेमागच्या बाईंनी संगणकात बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा संगणकात.

“हेर कांबळे, तुम्हाला शिक्षा झालेली आहे.”

मी हसलो. मला वाटलं, जर्मन विनोद असा असतो.

विनोद नव्हता. लायसन्स नसताना गाडी चालवल्याबद्दल कोर्टाचा दंडाचा हुकूम, त्याला म्हणतात श्ट्राफबेफेल, माझ्या नावाने निघाला होता. आव्हान द्यायला दोन आठवडे होते, ते केव्हाच संपून गेले होते. पोलीस म्हणाला होता कळवू, आणि त्या लोकांनी खरोखरच कळवलं होतं! पिवळ्या पाकिटातून, बॉबलिंगेनच्या पत्त्यावर. पोस्टमनने पाटीवरचं नाव वाचलं आणि पाकीट पेटीत टाकलं. बाबांनी रंगवलेली एवढी सुबक पाटी असताना ते माघारी कसं जाणार?

“हे निस्तरेपर्यंत तुमचं पुढे काही होणार नाही,” बाई म्हणाल्या. विद्याचंही नाही, हे मी मनात पुरं केलं.

वकील माझ्याहून तरुण होता. म्हणाला, हुकूम मिळालाच नव्हता हे एका आठवड्यात कोर्टाला पटवून दिलं तर प्रकरण पुन्हा उघडेल. मी म्हणालो, आणा कागद, लिहून देतो. त्याने मान हलवली. आरोपीच्या स्वतःच्या लेखी शब्दाला तसं वजन नसतं. दुसऱ्या कुणीतरी ‘आन आइडेस श्टाट’ लिहून द्यायला हवं. म्हणजे शपथेच्या जागी ठेवलेला शब्द. तो खोटा निघाला तर लिहून देणाऱ्याला शिक्षा.

माझा शब्द चालत नाही, हे जर्मन कायद्याला इतक्या आधीपासून कसं कळलं, याचा विचार करत मी गाडीत बसलो. ड्रेस्डेन ते बॉबलिंगेन हा प्रवास सत्तावीस तासांचा आहे. वेळापत्रकात सात लिहिलेत, त्यांना काय जातंय लिहायला. मी सीटवर बसलो नाही. डब्यांतून शेवटपर्यंत जायचो आणि परत यायचो. जगात एकच बाई माझ्यासाठी हे लिहून देऊ शकत होती, आणि तिला मी दर रविवारी केकबरोबर हत्ती चारले होते.

फ्राऊ हेफेलेंनी बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला. आत माझी पत्रं होती, आणि त्यांत ते पिवळं पाकीट. फोडलेलं नव्हतं. “दुसऱ्याचं पत्र फोडत नाहीत,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं की तुम्ही न्यायला याल असं वाटलं होतं. रिवाज संपला की.”

मी सगळं सांगितलं. गादीपासून विद्यापर्यंत. बाईंनी चष्मा पुसला.

“तर मग, हेर कांबळे. यात खोटं निघालं तर शिक्षा मला. बरोबर?”

“हो.”

“मग आधी हत्ती.”

“कुठले?”

“अंगणातले तीन.”

“नाहीत.”

“एकही नाही?”

“एक होता. सर्कशीचा. मी सात वर्षांचा असताना गावात आला होता.”

बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. “वडील?”

“पोस्टमन.”

“प्रमुख?”

“नाही. सायकलवर. त्यांच्या मागच्या चाकात नेहमी हवा कमी असायची.”

“हे तरी खरं?”

“गेनाऊ. अगदी खरं.”

“पापड?”

“तळतो.”

बाई जरा हिरमुसल्या. पापडावर त्यांचा जीव होता. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “आणि पाटी? एक वर्ष?”

त्या क्षणी मला तीन उत्तरं सुचली. तिन्ही उत्तम होती. एकात तर आजोबाही होते. पण समोर कोरा कागद होता आणि त्यावर जे लिहिलं जाईल त्याखाली या बाईंची सही येणार होती.

“तसा रिवाज नाही,” मी म्हणालो.

“नाही? दर वेळी जिना झाडायची माझी पाळी आली की मी ती पाटी पुसत होते! खालचे, वरचे, सगळे विचारायचे, भाडेकरू गेला तरी नाव कसं? मी एकेकाला उभं करून तुमचा रिवाज समजावून सांगितला!”

“वडील म्हणाले होते, काढू नको. स्टेशनवर. पाटी ओली होती, त्यांच्या शर्टाला रंग लागला होता.”

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

“म्हणजे रिवाज नव्हता,” त्या म्हणाल्या. “वडील होते. हे मी लिहू शकते.”

त्यांनी सात वाक्यं लिहिली. हा माणूस अमुक दिवशी घर सोडून गेला. त्याचं नाव पेटीवर मी राहू दिलं, कारण त्याने तशी विनंती केली. त्यासाठी त्याने सांगितलेला रिवाज खरा नव्हता. त्याच्या वडिलांनी पाटी काढू नको म्हटलं होतं, असं तो आता सांगतो आणि माझा त्यावर विश्वास आहे. पत्रं मी डब्यात ठेवली. ती न्यायला तो आला नाही. पिवळं पाकीट आज त्याच्यासमोर डब्यातून काढलं तेव्हा ते बंद होतं.

“शेवटी लिहा ना, की माणूस अत्यंत प्रामाणिक आहे,” मी सुचवलं.

“ते मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या आणि सही केली.

मग उठून त्यांनी खणातून स्क्रूड्रायव्हर आणला. खाली दाराशी माझ्या हातात दिला. “पाटी म्हणते तुम्ही इथे राहता. राहता का?”

“नाइन. नाही राहत.”

“मग काढा.”

तीन स्क्रू सहज आले. चौथा हलेना. माझ्या हातात जोर नव्हता म्हणा किंवा गंज होता म्हणा, तुम्हाला जे पटेल ते. शेवटी बाईंनीच दोन्ही हातांनी फिरवला. पेटीवर पाटीच्या आकाराचा चकचकीत चौकोन उरला. बाईंनी पाटी स्वयंपाकघरातल्या फडक्यात गुंडाळून दिली. जाताना म्हणाल्या, “पुढच्या वेळी याल तेव्हा सर्कशीतल्या हत्तीचं सांगा. तो चालेल.”

त्यानंतरचे पाच आठवडे मी ड्रेस्डेनच्या पेटीत दिवसातून चाळीस वेळा बघत होतो. या आकड्यातलं निम्मं सोडू नका. पाटी तिथे ठोकली होती आणि ती आता खरं बोलत होती, तरी मला धीर नव्हता. विद्या फोनवर विचारायची, “काही आलं?” मी म्हणायचो, “कळवणार आहेत.” तिला ‘कळवणार’चा पुण्यातला अर्थ ठाऊक होता.

त्यांनी कळवलं. पिवळ्याच पाकिटातून. बाईंचा कागद मान्य झाला, प्रकरण पुन्हा उघडलं. मी कोर्टात गेलो, गाडी चालवली होती हे कबूल केलं, लायसन्सचं माहीत नव्हतं हेही सांगितलं. एकूण चार वाक्यं बोललो. जन्मातलं माझं सर्वांत छोटं भाषण. बाब किरकोळ धरून ती मिटवली गेली. परवाना वाढला, आणि विद्या दोन बॅगा आणि एक पोळपाट घेऊन आली.

मी बाबांना फोन केला तेव्हा आधी पाटीचं सांगितलं. “बाबा, बॉबलिंगेनची पाटी काढली. काढावी लागली.”

बाबा म्हणाले, “काढू नको म्हणलो होतो ते खरं. पर मी काही कायदा नव्हतो सांगत. पत्र भेटलं ना? मग झालं.”

पुढे मी आणखी तीनदा घर बदललं. दर वेळी पलंगाच्या आधी पाटी उतरवतो. रंग फिका पडलाय, एका कोपऱ्यावर फ्राऊ हेफेलेंच्या पुसण्याने अक्षर गेलंय. मुलगी विचारते, एवढी मोठी का, सगळ्यांची छोटी असते. जर्मनमध्येच विचारते. मी सांगतो, यात आपले पूर्वज धरलेले नाहीत. ती आईकडे बघते. विद्या म्हणते, “निम्मं सोड.”

परभणीच्या दारावर मात्र बाबांनी आपल्या नावाखाली माझं नाव रंगवलंय, मी निघालो त्याच महिन्यात. तिथे मी राहत नाही. तिथे माझ्या नावाने कधीतरी बँकेचं पाकीट येतं, कुणाची लग्नपत्रिका येते. निवृत्त पोस्टमन ती डब्यात ठेवतो, फोडत नाही, आणि फोनवर पाकिटावरचा पत्ता वाचून दाखवतो. पहिल्यांदा माझं नाव, मग स्वतःचं, मग गल्ली, मग गाव. सावकाश, एकही शब्द न गाळता.

परवा त्यांनी विचारलं, “तुह्या त्या कायद्यानं ही पाटी खोटी ना रे? काढू का?”

मी म्हणालो, “राहू द्या, बाबा.”

कुणी कागद पुढे केला, तर या एका खोट्याखाली मी सही करीन. आमच्या हेफेलेबाईही करतील.