दोन दिवसांचा मॅनेजर

"मॅडम, विमान स्वस्त आणि ट्रेन महाग? नीट बघितलंत ना?" आमचे प्लांटप्रमुख कुलकर्णी साहेब माझ्या स्क्रीनवर वाकून विचारत होते.

रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत मी ट्रॅव्हल डेस्क सांभाळते. घर पेणला. त्या दिवशी आमच्या मुख्य पंपाचं सील गेलं होतं. सील म्हणजे ॲसिड बाहेर येऊ न देणारी कडी. ती गेली की प्लांट बंद. नवं सील दिल्लीच्या सप्लायरकडे तयार होतं. ते तपासून आणायला आमचे फिटर म्हात्रे उद्याच निघायला हवे होते.

साध्या तिकिटाला भलंमोठं वेटिंग. उरलं प्रीमियम तत्काळ. त्यात जागा भरतील तसं भाडं चढतं, आणि गाडी तर गच्च होती. विमानाचंही भाडं असंच हलतं. पण सकाळचं विमान रिकामं होतं, म्हणून ते उतरलं होतं.

"मग विमानाचं काढा."

"नियमात बसत नाही, सर. विमान फक्त मॅनेजरला. फिटरला ट्रेन."

"महाग असली तरी?"

"ऑडिटवाले भाडं बघत नाहीत, ग्रेड बघतात."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "म्हात्रेंना दोन दिवस ॲक्टिंग मॅनेजर करा."

ऑर्डर निघाली. म्हात्रे पेणजवळच्या कासू गावचे. वाचून म्हणाले, "मॅडम, घरी कळू देऊ नका हां. बायको वाढलेला पगार मागंल."

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून त्यांचा फोन. आवाज दबका. "वांदा झालाय मॅडम. हार घातला, काजू देतायत, पन सीलला हात लावू देत नाय. म्हनतात, मॅनेजरनं कशाला हात काळे करायचे? तुमचा फिटर कुठं हाय?"

"मग?"

"मग काय! बोललो, फिटर ट्रेननं येतोय."

संध्याकाळचं परतीचं विमान चुकलं असतं तर प्लांट आणखी एक दिवस बंद. मी साहेबांकडे धावले. त्यांनी सप्लायरला फोन लावला. "आमचे मॅनेजर फार कडक आहेत. स्वतः तपासल्याशिवाय माल घेत नाहीत."

मग कुठे म्हात्रेंनी हार काढला, बाह्या सारल्या. पहिल्या सीलवर बारीक चरा निघाला. ते परत केलं, दुसरं घेतलं. सकाळी पंप सुरू झाला, आणि म्हात्रे पुन्हा फिटर.

पुढे ऑडिटचा शेरा आलाच. विमानाबद्दल अवाक्षर नाही. विचारलं होतं, पनवेलहून रोह्याला मॅनेजरने टॅक्सी सोडून साध्या गाडीने प्रवास का केला? पदाला शोभत नाही.

आता तिकीट काढताना मी भाडं नंतर बघते. आधी त्या माणसाला कोणतं पद देता येईल ते बघते.