माठातली झोळी

ठाण्याला तळ्याकाठी राहत असताना कचेरीतले एक कारकून आमचे शेजारी होते. घरात कुणी निजलंय असं वाटावं, इतक्या हळू ते बोलत. बदली झालेल्या एका साहेबाने जाताना त्यांना लाल मासे दिले होते; ते त्यांनी एका माठात ठेवले होते. हे मासे आपलीच पिल्लं खातात. म्हणून त्यांनी बायकोच्या जुन्या लुगड्याची झोळी शिवून माठातल्या पाण्यात टांगली आणि पिल्लं तिच्यात ठेवली. जरा मोठी झाली की ती फुटक्या रांजणाच्या बुडात जात. क्वचितच एखादं मरे.

घरात मात्र मूल टिकत नव्हतं. आधीची दोन गेली होती, तिसरं आश्विनात गेलं.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. ते माठापाशी उभे होते.

"ही सगळी जगली बघा," ते म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, ती तेवढी न्या हो कुठंतरी. मला नाही बघवत."

"नेतो," ते म्हणाले.

पण त्यांनी पिल्लं कुठेच नेली नाहीत. माठाच्या गळ्याला बांधलेल्या गाठी त्यांनी एकेक करून सोडल्या. झोळी पाण्यात बसली, पिल्लं बाहेर पांगली आणि तळाचे मोठे मासे वर आले. पाणी पुन्हा संथ होईपर्यंत ते माठात बघत उभे राहिले.