ज्योतीवर न धरलेली काचपट्टी

धायरीच्या आनंदीबाई शेलार सव्वीस वर्षं कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या धूत आल्या होत्या. मोकळ्या वेळी सूक्ष्मदर्शकात डोकं खुपसून बसायची त्यांना भारी खोड. खरं सांगायचं तर पुस्तकं पाठ करणाऱ्या निम्म्या पोरांपेक्षा त्यांना जास्त दिसायचं.

घरामागच्या विहिरीच्या गाळात त्यांना एक फुगीर, पांढऱ्या दाण्यांनी ठासून भरलेला जीव सापडला होता. तो हळूहळू लोळत चालायचा. विभागप्रमुख सलिल भागवत, मुक्काम नारायण पेठ, यांनी दोनदा पट्टी करून निकाल दिला होता, "चुन्याचे कण आहेत. चुन्याला पाय फुटले की कळवा." तेव्हापासून त्या 'चुनेवाल्या बाई' झाल्या. त्यांनी हसण्यावारी नेलं, पण मनाला लागलं होतं.

यंदा ऋतुजा या विद्यार्थिनीने प्रकल्पाला तोच गाळ घेतला. तिलाही चुनाच दिसला. 'जीव आढळला नाही' हा अहवाल त्याच दुपारी सहीला जाणार होता. ऋतुजा पट्टी ज्योतीवर धरत असताना आनंदीबाई शेजारीच उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रंग देण्याआधी थेंब वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, ही इथली शिस्त. सरही तेच करत. नाजूक जीव त्यातच फुटायचा, उरायचा नुसता चुना. बाई मात्र थेंब ओलाच बघत.

सर अहवालावर सही करायला आले, तशा बाई म्हणाल्या, "सर, आज ज्योत नको. वल्लाच बघा."

सर नाइलाजाने वाकले. बाईंनी पट्टीच्या कडेने सौम्य आम्लाचा थेंब सोडला. बुडबुडे आले, दाणे विरघळले. चुनाच असता तर काही उरलं नसतं. इथे जीवाची अख्खी पिशवी शाबूत होती आणि आत गंधकाचे ठिपके चमकत होते.

"एवढा मोठा? एकपेशीय प्राणी असेल," सर म्हणाले.

"मग प्राण्याच्या पेशीत आसतं ते केंद्रक दावा की. म्या रंग घालून शोधलं, न्हाई घावलं." बाईंनी दुसरा ओला थेंब ठेवला. "आन् ह्यो बघा, मधोमध आवळून एकाचं दोन व्हतोय. जिवाणूच हाय."

सरांनी तो दुभंगणारा जीव पुन्हा निरखून पाहिला. मग त्यांनी ग्रंथ काढून ताडून पाहिलं. ॲक्रोमॅटियम, गोड्या पाण्याच्या गाळातला राक्षसी जिवाणू. तो अहवाल त्यांनी स्वतःच फाडला.

"आपलं बरोबर होतं, आनंदीबाई. मी चुकलो," सर म्हणाले. "ऋतुजा, वर्गाला बोलाव. आज बाई शिकवतील."

आनंदीबाईंनी पदर खोचला आणि त्या फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ऊर अभिमानाने भरून आला होता. भागवत सर तिसऱ्या बाकावर बसून लिहून घेत होते.