शेवटी घाट: भर मे महिन्यात सायकलवर उज्जैन ते इंदूर आणि परत

गेल्या रविवारी आमच्या उज्जैनच्या माधव नगरात दोन तरुण सायकलवाले रस्ता विचारायला थांबले. अंगात तंग चड्ड्या, डोळ्यांवर गॉगल, सायकलीला दोन-दोन बाटल्या आणि मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. भर मे महिन्यात एका दिवसात इंदूर करून परत यायचं म्हणत होते. "आजोबा, काही टिप्स?" मी म्हटलं, "जाऊ नका." ते हसले आणि गेले. खरा सल्ला ज्यांना नको असतो अशा लोकांसाठी नातीनं मला हा ब्लॉग उघडून दिला आहे, म्हणून आता इथे लिहितो. ही सफर मी छप्पन सालच्या मे महिन्यात केली आहे. तेव्हा माझ्याकडे बाटलीही नव्हती आणि घड्याळही नव्हतं. ठोके न मोजताच ऐकू येत होते.

तेव्हा आम्ही मध्यभारत नावाच्या राज्यात राहत होतो. त्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे, म्हणजे आमच्यापेक्षा सरकारी फायलींना हवापालट जास्त. हे राज्य मोडून मोठं नवं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, अशी बोलणी चालली होती. माझे वडील, अण्णा, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आमचे पूर्वज शिंदेशाहीत दफ्तर सांभाळायला माळव्यात आले आणि परत जायचं विसरले. धाकटे काका मात्र शिकायला म्हणून पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. त्यांनी त्या सुट्टीत आपला मुलगा शरद आणि त्याच्या हाती एक पत्र पाठवलं. पत्रात होतं की आता राज्यं भाषेवर होणार, आपल्या माणसांनी आपल्या मुलखात यावं, ओळखीच्या छापखान्यात अण्णांसाठी चांगली जागा आहे, महिनाअखेर कळवा.

मला जायचं नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, माझे सगळे मित्र इथे होते, नदी इथे होती. दुसरं कारण शरद स्वतः होता. आई त्याला म्हणाली, "शरद, चहा ठंडा होऊन राहिलाय." त्यावर हा म्हणाला, "काकू, राहिलाय कुठे? पितोय ना मी." मी "पंखा चालव" म्हटलं की हा विचारी, "कुठपर्यंत चालवू?" पाहुणा चार दिवसांचा होता म्हणून चाललं. अख्खं पुणं असं असेल तर तिथे मला तोंड उघडायच्या आधी परवानगी काढावी लागली असती.

त्याच आठवड्यात आमच्या व्यायामशाळेच्या फळ्यावर सायकल-सफरीची नोटीस लागली. मे महिन्यात सत्तर मैलांची सफर ठेवण्याची कल्पना सेक्रेटरी भाऊसाहेबांची होती. ते स्वतः अर्थातच टांग्यातून देखरेख करणार होते. नोटीस त्यांनी आपल्या हातानं मराठीत लिहिली होती: "फ्रीगंज ते इंदूर व परत. मार्गात सावेर. शेवटी घाट. सूर्यास्तापूर्वी घाट गाठणाऱ्यासच प्रशस्तिपत्रक." प्रवेश फी आठ आणे.

शरदनं नोटीस वाचली आणि त्याचा चेहरा खुलला. "घाट आहे?"

"आहे ना," भाऊसाहेब म्हणाले, "शेवटीच आहे. घाटाशिवाय उज्जैनात काही पुरं होतं का?"

"मग झालंच. कात्रज मी सीटवर बसून चढतो." हे वाक्य त्यानं संध्याकाळपर्यंत सहा जणांना ऐकवलं. त्या सहाही जणांनी कात्रज पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते नुसतेच मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी अण्णांना सांगितलं की पुण्याच्या बाबतीत माझंही मत घ्यावं. अण्णांनी कप खाली ठेवला. "तुझं मत? तबला शिकायला गेलास, ताल लागायच्या आत परत आलास. टायपिंगला गेलास, ते अर्ध्या कीबोर्डावर सोडलंस. एक गोष्ट शेवटाला नेलीयस का आजवर?" मी म्हणालो, सफर शेवटाला नेईन. अण्णा हसले. "नेच. शरदच्या आधी घाटावर पोचलास तर तुझं ऐकू. तो आधी पोचला तर त्याचं ऐकू. मला तरी दोघांत निवड करायचा ताप नको." ते थट्टेत बोलले असं आईला वाटलं. पण माझ्या वडिलांनी थट्टेत दिलेला शब्दही कधी मोडला नव्हता, हे मला माहीत होतं.

सकाळी सहाला उज्जैनच्या फ्रीगंज भागातून आम्ही अठरा जण सुटलो. माझ्याकडे अण्णांची ऑफिसची काळी सायकल होती. तिचं वजन सरकारी होतं आणि वेगही. आईनं खिशात कांदा घातला होता. "लू चालून राहिली आहे, कांदा काढू नको," एवढंच तिनं बजावलं. कांदा लू, म्हणजे तो उन्हाळी झळांचा वारा, ओढून घेतो म्हणतात. माझ्या कांद्यानं काय ओढलं ते माहीत नाही, पण दुपारपर्यंत त्याची भाजी व्हायची बाकी होती. शरदनं कांदा नाकारला, शीळ घातली आणि त्रिवेणी संगमाजवळ क्षिप्रा ओलांडताना तो मला त्या सकाळी शेवटचा दिसला.

रस्त्याबद्दल. आज तिथे रुंद डांबरी सडक आहे. त्या वेळी डांबर मधूनमधून होतं, जणू कंत्राटदाराला ते सणासुदीलाच आठवत असावं. बाकी खडी आणि धूळ. झाडं होती, ही मात्र तेव्हाची चैन. सावेरला कडुनिंबाखाली एक म्हातारा माठ घेऊन बसला होता. "पी लो भिया, ठंडा है. कां जा रिये हो?" इंदूर म्हटल्यावर त्यानं सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काम है कई?" मी म्हटलं, "नी बा, ऐसेज." त्यानं तांब्या पुन्हा भरून दिला. बिनकामाचा माणूस उन्हातून इंदूरला निघाला म्हणजे त्याला पाणी जास्त लागणार, हे त्याला कळत होतं.

इंदूरला साडेदहाला पोचलो. व्यायामशाळेच्या माणसानं पुरावा म्हणून हातावर शिक्का मारला. शिक्क्यावर मोठ्या अक्षरात 'मध्यभारत' होतं. राज्य आणखी काही महिने टिकलं, शिक्का मात्र घामानं सहा मैलांतच गेला. पोहे-जिलेबी खाल्ली. तुम्हाला सल्ला: उन्हात परत फिरायचं असेल तर जिलेबी खाऊ नका. मी तीन वेढे खाल्ले आणि पुढचे दहा मैल त्या तिन्ही वेढ्यांची जागा मला नेमकी सांगता येत होती. शरद तासाभरापूर्वीच शिक्का घेऊन गेला होता, असं कळलं.

परतीच्या वाटेचं वर्णन करण्यासारखं काही नाही, कारण मी पुढच्या चाकाखेरीज काही पाहिलं नाही. वारा समोरून आणि भट्टीतून आल्यासारखा. हँडल धरवेना म्हणून रुमाल गुंडाळला. एकदा पंक्चर झालं, एकदा मी स्वतः झालो. बाभळीखाली आडवा पडलो आणि मनात म्हटलं, पुणं इतकं काही वाईट नसेल. बोलायचं कमी, एवढंच. मग अण्णांचा तो अर्धा कीबोर्ड आठवला आणि राग आला. रागानं माणूस तीन मैल जातो, हे मी अनुभवानं सांगतो.

तीनच्या सुमारास सावेरला पोचलो आणि कडुनिंबाखाली पाहतो तर शरद. हातावर डोकं ठेवून निवांत पडलेला. चेहऱ्यावर घाम नाही, शर्टाला सुरकुती नाही. तो तिथे दीड तास झोपून उठला होता.

"ये दिगू," तो म्हणाला. "बस जरा. आता पळून काय उपयोग? शेवटी घाट आहे. दम राखायचा असतो. घाट कधी उन्हात चढू नये. मी पाचला निघणार आणि घाटात तुला गाठणार."

मी तांब्या तोंडाला लावलेला होता. तो तसाच राहिला. पाणी घशाखाली उतरण्याआधी माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या. उज्जैनात जन्मलेल्या माणसाला दुसरा घाट माहीत नसतो. आणि पुण्यात जन्मलेल्याला घाट म्हटलं की डोंगर चढायचा एवढंच माहीत. भाऊसाहेबांनी 'घाट' लिहिलं होतं ते नदीवरच्या रामघाटाला उद्देशून, आणि हा पठ्ठ्या सपाट माळव्यात कात्रज शोधत होता. आठवडाभर आमच्या मराठीला नावं ठेवणारा माणूस आमच्याच एका शब्दावर डोकं ठेवून झोपला होता.

सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. माठवाला म्हातारासुद्धा आमच्याकडे पाहत होता.

"अवघड आहे का घाट?" शरदनं विचारलं.

मी म्हणालो, "निसरडा असतो."

हे खोटं नव्हतं. शेवाळ धरलेलं असतं पायऱ्यांवर, माणसं घसरतात. मी सायकल उचलली आणि निघालो. ती मैलभर नेहमीपेक्षा हलकी चालली, हेही खोटं नाही.

सहाच्या सुमारास रामघाटावर पोचलो. सायकल वर टेकवली आणि तसाच पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. अण्णा कचेरीतून थेट आले होते, छत्री घेऊन, बाजूच्या ओट्यावर बसलेले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं माझं तोंड पुसलं. तबल्यापासून टायपिंगपर्यंत हे कधी घडलं नव्हतं.

अर्ध्या तासानं शरद आला. फ्रीगंजात त्यानं तिघांना विचारलं होतं, घाट किती लांब आहे, आणि तिघांनी सांगितलं होतं, "सीधे उतर जाओ." चढाच्या आशेनं तो उतरत उतरत थेट पाण्यापाशी आला. समोर नदी, दिवे सोडणाऱ्या बायका, नावाडी. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"दिगू, घाट कुठे आहे?"

भाऊसाहेब म्हणाले, "हा काय, तुम्ही उभे आहात त्यावर."

अख्खा रामघाट हसला. शरदही हसला, हा त्याचा मोठेपणा मानायला हवा. "अरे, माझ्या पायांत अजून पंचवीस मैल शिल्लक आहेत. ते आता कुठे नेऊ?"

घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा अण्णांनी विचारलं, "बोल. काय मत?"

"राहू," मी म्हणालो.

शरदनं मग सावेरची हकिकत रंगवून सांगितली. आई हसून हसून वाढायची थांबली. "आणि हा मला काय म्हणतो, तर निसरडा असतो!" त्यावर अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कळलं होतं?" मी ताटाकडे पाहत "हो" म्हटलं. त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "शब्द दिला होता. राहू."

दुसऱ्या दिवशी काकांचं पत्र ठेवायला मी अण्णांचं कपाट उघडलं. आत रेल्वेचं वेळापत्रक होतं. पुण्याच्या गाड्यांखाली त्यांनी पेन्सिलीनं बारीक रेघा मारल्या होत्या. गाडी कुठे बदलायची, तिथे किती वेळ मिळतो, सगळं. त्यांना जायचं होतं. धाकट्या भावाजवळ राहायचं होतं. मला त्या क्षणी फार लाज वाटली. ती कोणाला सांगण्याइतकं धैर्य मात्र सत्तर मैलांत कुठेच कमावलं नव्हतं.

पुढचा विनोद सरकारनं केला. नोव्हेंबरात नवं राज्य झालं आणि अण्णांची कचेरी फायलींसकट भोपाळला गेली. उज्जैन सोडायचं नाही म्हणून राहिलेले आम्ही, आणि अण्णा सात वर्षं शनिवारच्या गाडीनं घरी येणार, सोमवारच्या गाडीनं जाणार. त्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. टोमण्यांवर जगणाऱ्या माणसानं तो एक टोमणा गिळावा, हे मला जास्त लागलं. पुण्याला ते पुढे फक्त एकदा गेले, काकांच्या तेराव्याला.

प्रशस्तिपत्रक अजून आहे. त्यावर मध्यभारत आहे, मी आहे आणि वाळवीचं एक भोक आहे. त्या रविवारच्या मुलांनी परतताना दार वाजवलं, गडी लाल झाले होते. मी त्यांना पन्हं दिलं. छान झाली म्हणे सफर, फक्त शेवट कळला नाही कुठे झाला ते. त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी रामघाटावर संपवा.

अण्णा गेले ते याच घरात, उन्हाळ्यातच, टळटळीत दुपारी. शेवटचे दोन दिवस बोलणं तुटक होतं. मी उशाशी बसलो होतो. त्यांनी डोळे उघडले, आणि तोच जुना तिरकस ओठ थोडासा हलला.

"शेवटी घाट, दिगू."

मी त्यांची उशी सरळ केली.

"निसरडा असतो म्हणे," अण्णा म्हणाले.

"नाही अण्णा," मी म्हणालो, "पायऱ्या आहेत. मी हात धरतो."