सातव्या पानावरचे ब्रेक

ऑफिसात तिला सगळे मांडणीवाल्या बाई म्हणत. बस कंपनीची आकडेवारी संगणकाच्या पडद्यावरच्या डॅशबोर्डवर पानापानांनी लावायची, हे तिचं काम. कुठलं पान आधी उघडेल, कोणता आलेख पडदाभर दिसेल, कोणता तक्ता कडेच्या अरुंद रकान्यात जाईल, हे ती ठरवायची. निदान सुरुवातीला तिला तसं वाटायचं.

ब्रेकच्या तक्रारी तिने पहिल्याच पानावर घेतल्या होत्या, चांगल्या ऐसपैस. ते बघून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, पाहुणा दारात आला की त्याला आधी मोरी दाखवता का?"

"पण साहेब, महत्त्वाचं आधी नको?"

"संचालक पहिलं पान बघतात, चहा पितात आणि उठतात. हे मागे घ्या."

तिने तक्रारी दुसऱ्या पानावर नेल्या. मग चौथ्या. शेवटी सातव्या पानावर, कडेच्या रकान्यात, तेही बारीक अक्षरात. साहेब तिच्या खुर्चीमागे उभं राहून "अजून थोडं लहान" म्हणत होते आणि ती करत होती. नोकरी टिकवायची तर मान डोलवावी लागते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिचा धाकटा दीर त्याच कंपनीत ड्रायव्हर होता. एकदा जेवताना म्हणाला, "वहिनी, ब्रेक दाबला की पाय पार तळाला जातो. लिहून देऊन देऊन हात दुखले."

"नोंद होते हो भावजी," ती म्हणाली आणि त्याला वाढू लागली.

पुढच्याच महिन्यात उतारावर ब्रेक लागला नाही. त्याने बस गोदामाच्या भिंतीवर घातली. प्रवासी वाचले, त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशीत साहेब शांतपणे म्हणाले, "माहिती डॅशबोर्डवर होती. लपवलं काहीच नव्हतं. मांडणीच अशी केली होती की कुणाच्या नजरेत येऊ नये."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"साहेबांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"लेखी आहे?"

तोंडी हुकमाला पुरावा कुठला? तिला ताकीद मिळाली, साहेबांना बढती.

नवरा म्हणाला, "त्याला यातलं काही सांगू नकोस. झालं ते झालं." पण तिला राहवेना. एका दुपारी ती दिराच्या खाटेशी जाऊन बसली.

"भावजी, तुमच्या तक्रारी पोचल्या होत्या."

"पोचल्या होत्या? मग?"

"मी मागे टाकल्या. साहेबांनी सांगितलं म्हणून. पण टाकल्या मीच."

त्याने भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, माझं अक्षर गिचमिड आहे, म्हणून कुणी वाचत नसेल. शेवटची तर मी घोटून घोटून लिहिली होती."

ती रडू लागली, तसा तो म्हणाला, "बाहेर जाताना दार लावून घ्या."

आठवड्याभरात तो बहिणीकडे राहायला गेला. कुबड्या, कपड्यांची पिशवी, बस्स. जाताना आईच्या पाया पडला, भावाला मिठी मारली. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

सासूबाईंना काही कळेना. "इतकी वर्षं तुझ्याशिवाय पान हलत नव्हतं त्याचं. काही बोललीस का गं त्याला?"

"नाही हो आई," ती म्हणाली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली.