गुटीच्या सहाणेवर बचनाग

बचनाग औषध आहे, हे मला कुणी शिकवू नये. जेऊरला माझे वडील ते मूळ तीन दिवस गोमूत्रात भिजवायचे, रोज गोमूत्र बदलायचे आणि मगच दुखऱ्या सांध्याला त्याचा लेप लावायचे. खरचटलेल्या कातडीला तर बोटसुद्धा लावू द्यायचे नाहीत. कच्चं मूळ म्हणजे निव्वळ विष. पण "झाडपाल्याचंच हाय की, त्यानं काय हुतंय" म्हणणाऱ्यांपुढं काय डोकं फोडायचं?

माझ्या सासूबाई त्यातल्याच. त्यांना मी आत्या म्हणते. मोहोळच्या बाजारातून त्यांनी कच्चा बचनाग आणला आणि गुडघ्याला लावायला उगाळला. कशावर? तर माझ्या सात महिन्यांच्या लेकीची गुटी उगाळतात त्याच सहाणेवर. आणि गुटीची सहाण आमच्यात घासत नाहीत. ओल्या फडक्यानं पुसायची, झालं. घासली तर म्हणे गुण जातो. डोंबलाचा गुण!

सकाळी गुटी चाटवली आणि तासाभरात पोरगी लाळ गाळायला लागली, ओकली, हातपाय गार पडले. सोलापुरात आमच्या घराजवळच्याच दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काय दिलं? आत्यांचं एकच पालुपद: वेखंड, मायफळ, हळकुंड, रोजचंच. तेवढ्यात त्यांच्या गुडघ्यावरचा वाळलेला लेप मला दिसला. तिथंच, चारचौघांत, मी भांडले. तेव्हा कुठं बचनागाचं नाव निघालं. पण तो पाट्यावर उगाळला, सहाणेला लावलाच नाही, असं त्या शपथेवर सांगायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, बाळाच्या छातीचे ठोके चुकतायत, नक्की कळलं पाहिजे, सहाण घेऊन या. मी आत्यांना जवळजवळ ढकलूनच रिक्षात बसवलं.

अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. बोलणं जड झालं होतं.

"सहाण चाटून बघितली. जीभ बधिर पडलीया. त्येच हाय. डॉक्टरला सांग."

शेजाऱ्यांनी त्यांनाही तिथंच आणून टाकलं. दोघी वाचल्या. लोक आजही मला सांगतात, बघ, नातीसाठी म्हातारीनं जीव पणाला लावला. लावला की, मी कुठं नाही म्हणते? पण माझा राग तसाच आहे. विष चाटायची हिंमत झाली त्या बाईची, "चुकलं माझं" म्हणायची झाली नाही. आणि त्या अर्ध्या तासात माझी पोरगी गेली असती.